पेशी हृदयात टिकवायच्या कशा? पॉलिमरच्या नॅनोकणांबद्दल एका विद्यार्थिनीला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. तासगावकडची एक एम. फार्म.ची विद्यार्थिनी विचारते: पॉलिमरचे नॅनोकण 'स्कॅफोल्ड' (पेशींना धरून ठेवणारा सांगाडा) म्हणून वापरून हृदयात नव्या पेशी बसवता येतात असं वाचलं, ते कितपत खरं? तिच्या मामांना पाच महिन्यांपूर्वी मोठा हार्ट अटॅक आला. स्टेंट टाकला, पण पंपिंग ३० टक्क्यांच्या वर जात नाही. एका ठिकाणी 'नॅनो स्टेमसेल' उपचार सुचवलाय आणि काही लाखांचा आकडा सांगितलाय. घरात द्राक्षबाग गहाण टाकायची बोलणी चालली आहेत. याच विषयावर प्रोजेक्ट घ्यावा का, हेही तिला विचारायचंय. आणि जाता जाता, हळदीच्या नॅनोकणांचं काय?

आधी मामांचं सांगतो, कारण तिथे घाई आहे. पैसे भरू नका आणि बागेच्या कागदांवर सही करू देऊ नका. पॉलिमरच्या नॅनोकणांवर हृदयपेशी बसवून द्यायचा मंजूर उपचार आज भारतात नाही. का नाही, ते पुढे सविस्तर येईलच. पण वाचता वाचता कुणाचा फोन आला आणि 'आजच टोकन भरा' म्हणाला, तर एवढं उत्तर पुरे.

मी हृदयरोगतज्ज्ञ नाही. पीएलजीए आणि तसल्या विरघळणाऱ्या पॉलिमरांचे कण बनवण्यात माझी नोकरीची सगळी वर्षं गेली. आधी पुण्याला औषधकंपनीत होतो, आता सांगलीत शिकवतो. त्यामुळे कणांबद्दल ठामपणे बोलेन. मामांच्या गोळ्यांबद्दल मात्र डॉक्टरांना काय विचारायचं तेवढंच सांगेन.

अटॅकमध्ये नेमकं काय जातं, तिथून सुरुवात करू. हृदयाच्या डाव्या कप्प्यात ढोबळमानाने २०० ते ४०० कोटी स्नायूपेशी असतात. रक्तवाहिनी बंद पडली आणि वेळेत उघडली नाही, तर मोठ्या अटॅकमध्ये त्यातल्या १०० कोटींच्या आसपास पेशी काही तासांत मरतात. यकृत कापलं तर वाढतं, कातडी भरून येते. हृदयाचं तसं नाही. स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या योनास फ्रीसेन यांच्या गटाने २००९ मध्ये हे फार हुशारीने मोजलं. शीतयुद्धाच्या काळातल्या अणुचाचण्यांनी हवेत कार्बन-१४ वाढवला, तो त्या काळात तयार झालेल्या पेशींच्या डीएनएमध्ये उतरला, आणि त्याच्या प्रमाणावरून पेशी कधी जन्मली हे काढता आलं. पंचविशीत वर्षाला साधारण १ टक्का हृदयपेशी नव्या होतात, पंचाहत्तरीत ०.४५ टक्के. म्हणजे दुरुस्ती चालू असते, पण १०० कोटींचं भगदाड त्या वेगाने भरत नाही. मेलेल्या जागी व्रण तयार होतो. तो आकुंचन पावत नाही, नुसता ताणला जातो. उरलेल्या चांगल्या स्नायूवर ओझं पडतं आणि कप्पा हळूहळू फुगत जातो. इकोच्या रिपोर्टमध्ये जो ३० चा आकडा दिसतो, त्याच्यामागे हे सगळं असतं.

मग कुणालाही सुचेल ते सुचलं: मेलेल्यांच्या जागी नव्या पेशी टोचा. २००१ मध्ये उंदरांवरच्या एका गाजलेल्या निबंधाने सांगितलं की अस्थिमज्जेच्या पेशी हृदयाचा स्नायू बनवतात. जगभर माणसांवर चाचण्या सुरू झाल्या. २००४ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी तोच प्रयोग करून पाहिला आणि त्यांना तसं काही दिसलं नाही, पण तोवर गाडी सुटली होती. याच क्षेत्रातलं मोठं नाव असलेल्या पिएरो अँव्हर्सा यांच्या प्रयोगशाळेचे ३१ निबंध मागे घ्यावेत, अशी शिफारस हार्वर्डने २०१८ मध्ये केली. युरोपात अस्थिमज्जेच्या पेशींची 'बामी' नावाची मोठी चाचणी ठरली होती. ३,००० रुग्ण घ्यायचे होते, जेमतेम ३७५ मिळाले आणि फायदा दिसला नाही. हा इतिहास मी मुद्दाम सांगतोय. तुमच्या मामांना जे 'परदेशात सिद्ध झालंय' म्हणून सांगितलं गेलं असेल, त्यातलं बरंचसं या सुरुवातीच्या उत्साहाच्या काळातलं असतं.

पण यातून एक प्रश्न उरला, आणि माझ्या मते सगळ्या विषयाचा गाभा तोच आहे. पेशी चांगली की वाईट हे ठरवण्याआधी, ती तिथे राहते का? २००५ मध्ये जर्मनीत हॅनोव्हरच्या डॉक्टरांनी रुग्णांच्याच अस्थिमज्जेच्या पेशींना किरणोत्सारी खूण लावली, त्या हृदयाच्या रक्तवाहिनीतून सोडल्या आणि तासाभराने स्कॅन केला. न निवडता सोडलेल्या पेशींपैकी फक्त १.३ ते २.६ टक्के पेशी अटॅकच्या जागी सापडल्या. बाकीच्या यकृतात आणि प्लीहेत जाऊन बसल्या होत्या. थेट स्नायूत सुई टोचली तरी फार फरक पडत नाही. हृदय मिनिटाला ७० वेळा आवळतं, सुईच्या वाटेनेच द्रव बाहेर येतो, शिरा आणि लसिका उरलेला वाहून नेतात. जे मागे राहतं त्याचीही धडगत नाही. तिथे रक्त नाही, प्राणवायू नाही, सूज चढलेली. शिवाय पेशीला धरायला काही मिळालं नाही, तर ती स्वतःहून मरते. शरीराने भटक्या पेशींसाठी ठेवलेली ती सोयच आहे. दुसऱ्या दिवशी दहा टक्केसुद्धा उरल्या तर नशीब समजायचं.

म्हणून पॉलिमरवाले या खेळात आले.

आता तुम्ही वाचलेल्या 'नॅनोकणांच्या स्कॅफोल्ड'कडे येऊ. इथे मापाचा घोळ आहे आणि तो नीट समजून घ्या, प्रोजेक्टच्या तोंडी परीक्षेत हमखास विचारतील. आपण बनवतो ते पीएलजीएचे नॅनोकण १०० ते २०० नॅनोमीटरचे असतात. टोचायची पेशी दहा-पंधरा मायक्रॉनची (एक मायक्रॉन म्हणजे हजार नॅनोमीटर), आणि प्रौढ हृदयपेशी तर शंभर मायक्रॉनहून लांब. दहा मायक्रॉनच्या पेशीत २०० नॅनोमीटरचे सव्वा लाख कण मावतील. एवढ्याशा कणावर पेशी बसणार कशी? उलट पेशीच त्याला गिळते. तुमच्या भागातलं उदाहरण द्यायचं तर स्कॅफोल्ड म्हणजे द्राक्षाचा मांडव, आणि नॅनोकण म्हणजे ठिबकमधून मुळाशी सोडलेलं खत. दोन्ही लागतात, पण ठिबकवर वेल चढत नाही.

मग लेखांमध्ये 'नॅनो' आणि 'स्कॅफोल्ड' एकत्र का दिसतात? कारण त्या शब्दांखाली तीन वेगळ्या गोष्टी येतात. एक म्हणजे मायक्रोकण. दहापट-शंभरपट मोठे, ज्यांच्या पृष्ठभागावर कोलॅजनसारखं काही चढवलं की पेशी खरोखरच चिकटून बसते. फ्रान्समधल्या आँजे आणि स्पेनमधल्या नवारा इथल्या गटांनी असे पीएलजीएचे मायक्रोकण बनवले. वर चरबीतून काढलेल्या मूळपेशी (म्हणजेच स्टेमसेल), आत न्यूरेग्युलिन नावाचं प्रथिन. उंदरांच्या हृदयात अशा पेशी मोकळ्या पेशींपेक्षा जास्त टिकल्या. दुसरी गोष्ट म्हणजे जेल किंवा पॅच, आणि त्यात नॅनोकण पेरलेले. तिसरी म्हणजे नॅनोतंतूंची जाळी. विजेच्या दाबाखाली पॉलिमरची धार खेचून विणतात ती. ही खरी स्कॅफोल्ड आहे, पण ती कण नव्हे. बातमीत येताना तिन्हींचं एकच होऊन जातं.

मायक्रोकणांची एक अडचण इथेच सांगून टाकतो. हृदयातल्या केशवाहिन्या ५ ते १० मायक्रॉनच्या असतात. त्याहून मोठे कण कोरोनरीतून, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिनीतून, सोडले तर ते जागोजागी अडकतील, आणि आपणच लहान-लहान अटॅक घडवून आणू. ते थेट स्नायूतच टोचावे लागतात. म्हणून कुणी सलाईनमधून 'नॅनो स्टेमसेल' देतो म्हणालं, तर त्या पेशी कुठे जाणार हे हॅनोव्हरच्या स्कॅनने वीस वर्षांपूर्वी दाखवलंय. हातातल्या शिरेतून सोडलेल्या पेशींना तर हृदयाआधी फुप्फुसाची चाळण लागते.

बरं, नॅनोकण मग करतात काय? त्यांचं काम औषध पोचवायचं. रक्तवाहिन्या वाढवणारं व्हीईजीएफसारखं प्रथिन नुसतं टोचलं तर काही मिनिटांत निघून जातं. कणात भरलं तर दिवस-आठवडे झिरपत राहतं. जपानमध्ये स्टॅटिन भरलेले पीएलजीएचे कण मूळपेशींना आधी खाऊ घालून मग त्या पेशी प्राण्यांना दिल्या गेल्या. कणांमध्ये लोहाचं ऑक्साइड भरलं तर पेशी एमआरआयवर दिसतात, आणि बाहेरून चुंबक लावून त्या थोडा वेळ धरूनही ठेवता येतात. हे उंदरांमध्ये झालंय. सोन्याच्या नॅनोतारा अल्जिनेटमध्ये (समुद्री शेवाळातून मिळणारा जेलसारखा पदार्थ) घालून पेशींमधलं विजेचं वहन सुधारल्याचं काम २०११ मध्ये प्रसिद्ध झालं. या सगळ्यात नॅनोकण पेशीचे सोबती आहेत. जागा त्यांना दुसरंच कुणीतरी धरून द्यावी लागते.

आता माझ्या आवडीचा भाग. पीएलजीए म्हणजे लॅक्टिक आणि ग्लायकोलिक आम्लांची साखळी. पाण्यात ती हळूहळू तुटते आणि शरीर ते तुकडे जाळून टाकतं. हा पदार्थ अनोळखी नाही. मिरजेच्या कुठल्याही ऑपरेशन थिएटरमध्ये विरघळणारे टाके असतात, त्यातला व्हिक्रिल याच घराण्यातला. त्यात ग्लायकोलाइड ९० भाग, लॅक्टाइड १० भाग, आणि तो ५६ ते ७० दिवसांत जिरतो. प्रोस्टेटच्या कॅन्सरचं ल्युप्रॉन डेपो हे इंजेक्शन १९८९ पासून अशाच पॉलिमरच्या मायक्रोकणांतून मिळतंय. दोन आम्लांचं प्रमाण निम्मं-निम्मं ठेवलं तर महिना-दोन महिन्यांत खेळ संपतो. लॅक्टिकचा वाटा ८५ वर नेला तर पाच-सहा महिने जातात. हृदयासाठी कोणता घ्यायचा, हे औषध किती दिवस झिरपायला हवं त्यावर ठरतं.

बनवण्याची रीत पुस्तकात असते, पण काही गोष्टी पुस्तकात नसतात. पीएलजीएची बाटली फ्रीझरमधून काढली की लगेच झाकण उघडायचं नाही. तासभर बाहेर ठेवायची, खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची. सांगलीच्या जुलैत थंड बाटली उघडाल तर हवेतलं पाणी दाण्यांवर बसेल, आणि साखळी प्रयोगाआधीच तुटायला लागेल. पुढच्या महिन्यात औषध दुप्पट वेगाने का झिरपतंय म्हणून डोकं धरून बसाल. उन्हाळ्याची तऱ्हा वेगळी. हा पॉलिमर पन्नास अंशांच्या अलीकडेच मऊ पडायला लागतो. एप्रिलमध्ये कुरियरच्या गाडीत पार्सल दिवसभर तापलं की दाण्यांचा एकच गोळा हातात येतो. डायक्लोरोमिथेनमध्ये पॉलिमर विरघळवून, पीव्हीएच्या (पॉलिव्हिनाइल अल्कोहोलच्या) पाण्यात टाकून, बर्फावर ठेवून सोनिकेटर चालवला की पांढुरकं द्रावण तयार होतं. ते उजेडासमोर धरून बघा. कडेला निळसर झाक असेल तर कण बारीक झालेत, नुसतं खडूसारखं पांढरं असेल तर मोठे राहिलेत. यंत्राने माप घ्यायचंच, पण जुना हात आधी तो निळेपणा शोधतो. रात्रभर ढवळून डायक्लोरोमिथेन उडवायचं. शिल्लक ६०० पीपीएमच्या वर चालत नाही. मग सेंट्रिफ्यूज, धुणं, आणि ट्रेहॅलोज ही साखर घालून फ्रीझ-ड्राय. ट्रेहॅलोज विसरलात तर कण पुन्हा सुटे होत नाहीत.

खरी दोन दुखणी पुढेच आहेत. पहिलं, औषधाचा मोठा वाटा पहिल्याच दिवशी बाहेर पडतो. पृष्ठभागाजवळचं सगळं धुऊन निघतं आणि मग उरलेलं रेंगाळत येतं. व्हीईजीएफच्या बाबतीत हा नुसता अपव्यय राहत नाही. एकाच जागी फार व्हीईजीएफ झालं तर गळक्या, गाठीसारख्या रक्तवाहिन्या वाढतात, हे उंदरांमध्ये दिसलंय. दुसरं, कण तुटताना आत आम्ल साठतं. कणाच्या पोटातला पीएच ३ च्या आसपास उतरू शकतो. आत ठेवलेलं प्रथिन त्यात बिघडतं. म्हणून आत मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडसारखं आम्लशामक घालायची युक्ती करतात. 'पीएलजीए सुरक्षित आहे' हे वाक्य टाक्यांबाबत खरं. नाजूक प्रथिन आणि आधीच गुदमरलेला स्नायू यांच्या बाबतीत ते पुन्हा सिद्ध करावं लागतं.

आणि कडकपणा. निरोगी हृदयाचा स्नायू साधारण १० ते १५ किलोपास्कल इतका मऊ. गर्भातल्या हृदयपेशी तेवढ्याच मऊ पृष्ठभागावर उत्तम धडधडतात. व्रणाइतक्या कडक पृष्ठभागावर ठेवल्या तर जोर लावून लावून थकतात. कोरडा पीएलजीए गिगापास्कलमध्ये मोजावा लागतो, म्हणजे लाखपट कडक. पातळ पत्रा करून हृदयावर चिकटवला तर हृदयाला तो नकोच असतो. म्हणून हल्ली गंभीर काम करणारे गट जेलकडे आणि कोलॅजन-फायब्रिनकडे वळले आहेत. पीएलजीए त्यात पेरायच्या कणापुरता उरलाय. मला विचाराल तर ही पीछेहाट नाही. ज्याचं काम त्याने करावं.

माणसांवर काय झालं, तेही पाहा. नुसत्या अल्जिनेटच्या जेलची, पेशींशिवाय, ३०३ रुग्णांवर चाचणी झाली. अटॅकनंतर कोरोनरीतून जेल सोडलं, कप्पा फुगणं थांबेल अशी आशा होती. सलाईन दिलेल्यांपेक्षा फरक पडला नाही. डुकराच्या हृदयातून पेशी धुऊन काढून उरलेल्या जाळ्याचं जेल अमेरिकेत १५ रुग्णांना दिलं गेलं, त्याचा निकाल २०१९ मध्ये आला. ती सुरक्षिततेची पहिली पायरी होती, फायदा ठरवायची नव्हे. पॅरिसच्या फिलिप मेनाशे यांनी मानवी भ्रूणाच्या मूळपेशींपासून बनवलेल्या हृदय-पूर्वपेशी फायब्रिनच्या पॅचमध्ये घालून सहा रुग्णांच्या हृदयावर बसवल्या. ओसाकाच्या योशिकी सावा यांनी आयपीएस पेशींपासून (प्रौढ पेशींना मागे नेऊन केलेल्या मूळपेशी) बनवलेल्या चकत्या जानेवारी २०२० मध्ये पहिल्या रुग्णावर ठेवल्या. आणि जानेवारी २०२५ मध्ये जर्मनीतल्या गटिंगेनच्या गटाने 'नेचर'मध्ये दाखवलं की कोलॅजनमध्ये वाढवलेले हृदयस्नायूचे पॅच माकडांमध्ये टिकले, आणि एका ४६ वर्षांच्या रुग्ण महिलेतही. तिचं पुढे हृदयप्रत्यारोपण झालं, तेव्हा काढलेल्या जुन्या हृदयात तो नवा स्नायू जिवंत सापडला. मला आजवरचा सगळ्यात भक्कम पुरावा हा वाटतो. पण हे पॅच छाती उघडून बसवावे लागतात, आणि पेशी दुसऱ्याच्या असल्याने प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं द्यावी लागतात. त्या पॅचमध्ये पीएलजीएचा नॅनोकण नव्हता, हेही लक्षात ठेवा.

उलटा धडाही आहे. जपानने २०१५ मध्ये 'हार्टशीट' नावाच्या पेशी-चकतीला सशर्त मंजुरी दिली होती. रुग्णाच्याच मांडीच्या स्नायूतल्या पेशी घेऊन बनवायची. नंतर आकडे मागितले तेव्हा फायदा सिद्ध करता आला नाही, आणि २०२४ मध्ये तिचा दरवाजा बंद झाला. मंजुरी मिळालेल्या गोष्टीची ही गत, तर बिनमंजुरीच्या पुड्यांचं काय सांगावं!

आणखी एक धोका सहसा जाहिरातीत नसतो. नव्या पेशी टिकल्या तरी त्यांनी बाकीच्या हृदयाच्या तालात धडधडायला हवं. २०१४ मध्ये माकडांच्या हृदयात तब्बल शंभर कोटींपर्यंत मानवी हृदयपेशी बसल्या, खरोखर बसल्या, आणि मग हृदयाचा ठेका बिघडला. हा ठेका बिघडणं काही आठवड्यांनी शमतं असं प्राण्यांमध्ये दिसतं, पण ते आठवडे घरी काढायचे नसतात. जाडीचीही मर्यादा आहे. प्राणवायू रक्तवाहिनीपासून शंभर-दोनशे मायक्रॉनच पोचतो. त्याहून जाड पॅचला स्वतःच्या रक्तवाहिन्या फुटेपर्यंत मधल्या पेशी उपाशी मरतात. झिरपणाऱ्या व्हीईजीएफचे नॅनोकण इथे कामाला येतील, अशी मला आशा आहे. दुसरी वाट म्हणजे पेशीच वगळायची. अमेरिकेत के चेंग यांच्या गटाने २०१७ मध्ये हृदयपेशींनी सोडलेले स्राव पीएलजीएच्या मायक्रोकणात भरले, वरून पेशीचंच आवरण चढवलं, आणि उंदरांमध्ये खऱ्या पेशींइतका परिणाम मिळवला. हे फ्रीझ होतं, बाटलीत टिकतं, गाठ होण्याची भीती नाही. फार्मसीवाल्याच्या नजरेला हे पटतं. औषध म्हणून बनवता येईल अशी गोष्ट शेवटी तीच.

आता मामा. पंपिंग ३० म्हटलं की घरच्यांना वाटतं सगळं संपलं. तसं नाही. अटॅकनंतर काही स्नायू मेलेला नसतो, बधिर झालेला असतो. तो योग्य औषधांनी काही महिन्यांत जागा होतो आणि ३० चे ३८-४० नुसत्या गोळ्यांवर होतात. शिवाय तोच इको दोन जणांनी पाहिला तर पाच-सात आकड्यांचा फरक सहज पडतो. या दोन गोष्टींच्या जिवावर बरीच 'स्टेमसेल' दुकानं चालतात. टोचण्याआधी ३०, तीन महिन्यांनी ३८, रिपोर्ट हातात, फोटो भिंतीवर. तुलनेला नुसत्या गोळ्या घेतलेला गट नसेल तर त्या ३८ ला काही अर्थ नाही.

तुमच्या हृदयरोगतज्ज्ञांना तीन प्रश्न विचारा. कमी पंपिंगसाठी आज चार प्रकारची औषधं एकत्र देतात: सॅक्युबिट्रिल-वलसार्टन किंवा त्याऐवजी एसीई गटातली गोळी, बीटा ब्लॉकर, स्पायरोनोलॅक्टोन किंवा एप्लेरेनोन, आणि डापाग्लिफ्लोझिनसारखी गोळी. चारही चालू आहेत का, आणि डोस पुरा चढवलाय का? अनेकांचा डोस डिस्चार्जच्या दिवशीचाच राहतो, कारण तपासणीला कुणी परत जात नाही. डापाग्लिफ्लोझिनच्या पेटंटची मुदत २०२० मध्ये संपल्यापासून जेनेरिक मिळतात, त्यामुळे ती खिशाला फार जड नाही. दुसरा प्रश्न शॉक देणाऱ्या मशीनचा, म्हणजे आयसीडीचा. अटॅकनंतर ४० दिवस आणि औषधांचे तीन महिने उलटूनही पंपिंग ३५ किंवा त्याखाली असेल, तर त्याचा विचार करायचा असतो. मामांचे पाच महिने झालेत. हा विषय कुणी काढला नसेल तर तुम्ही काढा, कारण अशा हृदयात अचानक ठेका बिघडून मृत्यू होण्याची भीती खरी आहे, आणि ती आजच्या आज कमी करता येते. तिसरा, ईसीजीमध्ये डाव्या बाजूचा ब्लॉक (रक्तवाहिनीतला नव्हे, विजेच्या वाटेतला) असेल तर दोन्ही बाजूंना एका तालात आणणारा पेसमेकर बसवून उपयोग होईल का. घरी रोज सकाळी वजन करायचं. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर पाणी साठतंय, डॉक्टरांना फोन. लोणचं, पापड, खारे शेंगदाणे बंद. हे सगळं 'नॅनो'इतकं आकर्षक नाही, पण याचे पुरावे हजारो रुग्णांवरचे आहेत.

त्या केंद्राकडे एकदा जायचंच असेल तर एवढं विचारून या. चाचणी असेल तर सीटीआरआयचा (माणसांवरच्या चाचण्यांच्या भारतातल्या नोंदवहीचा) नोंदणी क्रमांक मागा आणि तो स्वतः वेबसाइटवर टाकून पाहा: हृदयाचीच चाचणी आहे का, याच केंद्राचं नाव आहे का. नुसती नोंदणी म्हणजे मंजुरी नव्हे, हेही ध्यानात ठेवा. नोंदणीचा कागद फ्रेम करून लावणारे आहेत. आयसीएमआर आणि जैवतंत्रज्ञान विभागाच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत: रक्ताच्या ठरावीक आजारांतलं मूळपेशी-प्रत्यारोपण सोडलं तर बाकी सगळा मूळपेशींचा वापर फक्त चाचणी म्हणून करायचा, आणि त्यासाठी रुग्णाकडून पैसे घ्यायचे नाहीत. म्हणजे 'प्रायोगिक आहे' आणि 'एवढे लाख भरा' ही दोन वाक्यं एकाच तोंडातून आली की उठून यायचं. पेशी कोणत्या, किती, टोचल्यानंतर चोवीस तासांनी किती टिकतात, हे विचारा. शेवटच्या प्रश्नावर बहुतेक ठिकाणी विषय बदलतात.

तुमचा प्रोजेक्ट. जरूर घ्या, पण मामांना बरं करायच्या हिशेबाने नको. पेशी आणि प्राणी यांच्या मागे न लागता एक छोटा, सच्चा प्रश्न निवडा. मला खूप दिवस खटकणारी गोष्ट देतो. कणांतून औषध किती झिरपतं हे आपण सगळे शेकरमध्ये डुलणाऱ्या बाटलीत मोजतो. हृदय डुलत नाही, आवळतं, दिवसाला एक लाख वेळा. अल्जिनेटच्या जेलमध्ये पीएलजीएचे कण पेरा, जेल सिलिकॉनच्या नळीत भरा, छोट्या मोटरने ठरावीक ताल धरून दाबा आणि सोडा. झिरपण्याचा वेग स्थिर जेलपेक्षा किती बदलतो? पहिल्या दिवसाचा लोंढा वाढतो का? एवढं नीट मोजलंत तरी वाचणाऱ्याच्या उपयोगी पडेल. इंजिनिअरिंग कॉलेजमधल्या एखाद्या मित्राला मोटरच्या कामाला धरा. पेशींवर बघायचंच असेल तर पुण्याच्या एनसीसीएस या पेशीविज्ञान केंद्रातून एच९सी२ ही उंदराच्या हृदयापासूनची पेशीरेषा मागवता येईल. पण ती धडधडत नाही, तेव्हा तिच्यावरून 'हृदय सुधारलं' असं लिहू नका. विषारीपणा तपासायला ती पुरेशी आहे. कण पेशींवर घालण्याआधी एंडोटॉक्सिन, म्हणजे जिवाणूंच्या कवचातलं विष, मोजा. पाण्यातून आलेलं एंडोटॉक्सिन पेशींना बिघडवतं आणि दोष बिचाऱ्या पॉलिमरवर येतो.

हळद. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून आमच्याकडे दर वर्षी दोन-तीन तरी विद्यार्थी कर्क्युमिनचे नॅनोकण घेऊन येतात. कळतं, माल दारात आहे, आणि कर्क्युमिन स्वतः चमकत असल्याने पेशींचे फोटो सुंदर येतात. पण ते चमकणंच घात करतं. पिवळा रंग आणि त्याची रासायनिक उठाठेव यामुळे पेशी जिवंत आहेत का हे सांगणाऱ्या, एमटीटीसारख्या रंगावर चालणाऱ्या चाचण्या चुकतात, आणि जे दिसतं ते पेशीचं की कर्क्युमिनचं हे कळत नाही. पाण्यात विरघळत नाही, पोटातून रक्तात फारसं जात नाही, आणि साध्या पीएचला तासाभरात तुटतं. कण केल्याने यातली पहिली दोन दुखणी थोडी कमी होतात, म्हणून निबंधांचा ढीग आहे. औषध मात्र झालेलं नाही. घ्यायचंच असेल तर रिकाम्या कणांचा आणि पेशींशिवाय नुसत्या कर्क्युमिनचा असे दोन्ही कंट्रोल ठेवा, नाहीतर परीक्षक तिथेच धरतील.

आणि मामांसाठी कुणी कर्क्युमिनच्या 'नॅनो' कॅप्सूल आणल्या असतील तर त्या सुरू करण्याआधी डॉक्टरांना दाखवा. स्टेंटमुळे ते ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल घेत असणार, आणि मोठ्या डोसातल्या कर्क्युमिनने रक्तस्राव वाढण्याची शक्यता धरावी लागते. भाजी-आमटीतल्या हळदीला काही हरकत नाही.